क्लाइव्ह वेअरिंग: स्मरण गेल्यावर उरलेलं संगीत

मार्च १९८५च्या अखेरीस लंडनमधल्या एका संगीतज्ञाचं डोकं असह्य दुखू लागलं. क्लाइव्ह वेअरिंग तेव्हा ४६ वर्षांचे होते. सुरुवातीला फ्लू समजला गेला. मग ताप चढला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, आणि रुग्णालयात निदान झालं ते हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने झालेल्या मेंदूज्वराचं. हा विषाणू काही दुर्मिळ नाही. तापानंतर ओठावर जे फोड येतात ते बहुतेकदा त्याचंच काम असतं, आणि असंख्य लोकांच्या शरीरात तो आयुष्यभर निपचित पडून असतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत तो शिरतो. मग कानशिलाच्या आतल्या बाजूचा आणि कपाळामागचा खालचा भाग तो झपाट्याने नष्ट करतो. असायक्लोव्हिर हे औषध त्या वर्षांत या आजारासाठी नुकतंच वापरात येत होतं. त्याआधी दहातले सुमारे सात रुग्ण दगावत. क्लाइव्ह वाचले. पण दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे रोजच्या अनुभवांची आठवण जिथे घडते तो भाग, जवळजवळ पूर्ण गेला होता.

विस्मरणाच्या आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र प्रकरणांत याची गणना होते. संगीताने आरोग्य सुधारतं, संगीत माणसाला स्वतःपलीकडे नेतं, अशी विधानं आपण सहज करतो. ती घासून बघायला याहून कठोर प्रकरण मला माहीत नाही. संगीताने क्लाइव्ह यांचा आजार बरा केला नाही, कणभरही नाही. तरी ज्यांनी त्यांना गाताना किंवा वाजवताना पाहिलं त्यांतल्या कोणालाही ‘उपयोग झाला नाही’ असं म्हणवलेलं नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

काय गेलं

क्लाइव्ह यांची आठवण सात ते तीस सेकंद टिकत असे. समोरचा माणूस एक वाक्य बोलून दुसरं सुरू करेपर्यंत पहिलं पुसलं गेलेलं असे. पत्नी डेबोरा पाण्याचा पेला आणायला खोलीबाहेर गेल्या आणि परत आल्या, की कित्येक वर्षांनी भेट होत असल्यासारखे ते त्यांना मिठी मारत. दिवसातून कितीही वेळा हे घडलं तरी आनंद तेवढाच ताजा. आजार आला तेव्हा दोघांच्या लग्नाला फार काळ झालेला नव्हता.

फक्त नव्या आठवणी थांबल्या असत्या तरी ते पुरेसं भयंकर होतं. इथे जुन्याही गेल्या. पहिल्या लग्नापासूनची मुलं आहेत एवढं त्यांना ठाऊक होतं, नावं मात्र सांगता येत नसत. तरुणपणी ज्या केंब्रिजमध्ये शिकले, तिथलं चित्र दाखवलं तर ओळख पटेना. आपण संगीत शिकलो, कुणापाशी, कुठे, यातलं काहीही त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यांची रोजनिशी या अवस्थेची सर्वांत थेट साक्ष आहे. पानामागून पान तोच मजकूर: अमुक वाजून अमुक मिनिटांनी मी पहिल्यांदा खरोखर जागा झालो. थोड्या वेळाने ती ओळ खोडलेली, आणि खाली नवी वेळ घालून तेच वाक्य, अधिक ठासून. आधीची ओळ आपल्याच अक्षरात आहे हे त्यांना दिसे, पण ती आपण लिहिली हे ते मान्य करत नसत. ज्याला लिहिल्याचं आठवत नाही, त्याच्या दृष्टीने ती ओळ कुणी परक्यानेच लिहिलेली असते. आपली स्थिती ते स्वतः मरणासारखी सांगत: दिवस नाही, रात्र नाही, स्वप्न नाही, विचारही नाही.

बार्बरा विल्सन, ॲलन बॅडली आणि नरिंदर कपूर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या स्मरणाच्या सविस्तर चाचण्या घेऊन १९९५ मध्ये शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढे २००८ मध्येही पाठपुरावा मांडला गेला. दोन दशकांहून अधिक काळात स्मरणाच्या मोजमापात सांगण्याजोगी सुधारणा झाली नव्हती.

आजाराआधीचा माणूस

रुग्णाचा पूर्वेतिहास म्हणून एरवी दोन ओळी पुरतात. इथे तसं करून चालणार नाही, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ याच आयुष्यात आहे.

क्लाइव्ह मध्ययुगानंतरच्या युरोपीय संगीताचे, विशेषतः ओर्लांद द लास्यू यांच्या रचनांचे अभ्यासक आणि संपादक होते. लास्यू सोळाव्या शतकातले, म्युनिकच्या दरबारात आयुष्य काढलेले, दोन हजारांहून अधिक रचना करणारे संगीतकार. त्यांच्या ४५०व्या जयंतीनिमित्त १९८२ मध्ये लंडनमध्ये झालेला महोत्सव क्लाइव्ह यांनीच उभा केला होता. त्याआधी १९६८ मध्ये त्यांनी हौशी गायकांचा एक वृंद स्थापन केला होता. बीबीसीच्या तिसऱ्या रेडिओ वाहिनीवर ते प्राचीन संगीताचे जाणकार म्हणून काम करत. जुलै १९८१ मध्ये ब्रिटिश राजपुत्राच्या विवाहाच्या दिवशी या वाहिनीच्या संगीताची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी काय करावं? १५६८ साली म्युनिकमध्ये झालेल्या एका राजविवाहाचं संगीत, त्या काळच्या वाद्यांसह आणि मूळ स्वरलेखन शोधून काढून, पुन्हा उभं केलं. एवढ्यावरून माणसाचा पिंड कळतो. हातात घेतलेलं काम मुळापर्यंत खणल्याशिवाय सोडायचं नाही.

याखेरीज एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल या मोठ्या चर्चच्या गायकवृंदात ते अनेक वर्षं टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाची ओळ, गात होते. म्हणजे सभागृहातल्या मैफलीपेक्षा वेगळं, उपासनेचा भाग असलेलं गाणं. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, स्तोत्रं, वर्षाच्या चक्राप्रमाणे ठरलेल्या तिथींचं ठरलेलं संगीत. त्यात टाळ्या नसतात. गाणाऱ्याने पुढे यायचं नसतं, आपला सूर इतरांच्या सुरात मिसळून द्यायचा असतो. वर्षानुवर्षं असं गाणाऱ्याच्या गळ्यात नुसत्या चाली बसत नाहीत. कधी थांबायचं, शेजाऱ्याचा श्वास कधी ऐकायचा, आपली ओळ कधी खाली ठेवून दुसऱ्याची वर येऊ द्यायची, हे सगळं अंगात मुरतं.

शोध

आजाराच्या सुरुवातीच्या काळात, रुग्णालयातल्या त्या हरवलेल्या दिवसांत, डेबोरा यांनी एकदा एका रचनेचं स्वरलेखन हातात घेतलं आणि त्यातली एक ओळ गायला सुरुवात केली. काही हेतू ठेवून केलेला हा प्रयोग नव्हता. क्लाइव्ह यांनी शेजारून टेनरची ओळ उचलली आणि सोबत गाऊ लागले. थोडं पुढे गेल्यावर डेबोरा यांच्या ध्यानात आलं की काय चाललंय. क्लाइव्ह यांना स्वरलेखन वाचता येत होतं. ते गात होते. जो माणूस दोन वाक्यांचं संभाषण धरून ठेवू शकत नव्हता, तो अनेक ओळी एकाच वेळी गायल्या जाणाऱ्या रचनेतली आपली ओळ शेवटपर्यंत नेत होता.

मग त्यांना ऑर्गनसमोर बसवून पाहिलं. दोन्ही हात, दोन्ही पाय, मधूनच आवाजाचे पडदे बदलणं, सगळं जागच्या जागी. त्यांच्या जुन्या वृंदातले गायक जमवले तेव्हा ते वृंदासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात उचलले. ते हात एका अनुभवी संचालकाचेच होते. प्रवेशाची खूण वेळेवर, स्वर कुठे वाढवायचा कुठे उतरवायचा हे स्पष्ट. १९८६ मध्ये त्यांच्यावर बनलेल्या माहितीपटात हे चित्रित झालेलं आहे.

पुढे अनेक वर्षांनी मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स त्यांना भेटले आणि त्यांनी बाख या जर्मन संगीतकाराची एक रचना वाजवायला सांगितली. क्लाइव्ह म्हणाले, हे मी कधी वाजवलेलंच नाही. वाजवायला लागले आणि मध्येच उद्गारले, हे मला आठवतंय. आठवण वाजवण्याच्या आधी नव्हती, नंतरही राहणार नव्हती. वाजवताना ती होती.

आणि नंतर? संगीत थांबलं की क्लाइव्ह यांचं सगळं अंग थरथरू लागे, झटके आल्यासारखं. कपाळामागच्या भागाच्या नुकसानीमुळे भावनांवर ताबा राहत नव्हता, असं त्याचं वैद्यकीय स्पष्टीकरण आहे. पण ज्या क्षणी ते घडे तो क्षणही पाहायला हवा. रचना संपली की तिच्यासोबत त्यांना धरून ठेवणारी चौकट संपे. आपण आत्ताच गायलो हेसुद्धा त्यांना माहीत नसे. संगीताच्या उपकारकतेच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळण्याचा मोह होतो, म्हणून तो मी मुद्दाम इथे ठेवतो आहे. पुढे त्याकडे परत यावं लागेल.

हे शक्य कसं झालं

पहिलं उत्तर पाठ्यपुस्तकातलं आहे आणि ते बरोबरही आहे. स्मरण ही एकसंध गोष्ट नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवे अनुभव लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून आकृती गिरवायला दिली, तेव्हा रोज त्यांना हे काम नवीनच वाटे, पण हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. म्हणजे ‘काय घडलं’ हे लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि ‘कसं करायचं’ हे लक्षात ठेवणारी वेगळी. दुसरी यंत्रणा मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांवर आणि लहान मेंदूवर अधिक विसंबून असते. क्लाइव्ह यांच्या बाबतीत विषाणूने पहिलीचा नाश केला आणि दुसरी बरीचशी शाबूत राहिली.

यावर थांबलं तर मात्र एक मोठी गोष्ट निसटते. सायकल चालवणं, बुटाची नाडी बांधणं ही कौशल्यंही याच दुसऱ्या यंत्रणेत राहतात. पण नाडी बांधताना क्लाइव्ह ‘स्वतः’ होत नसत. गाताना होत. शिवाय हाताला बसलेली हालचाल दरवेळी जशीच्या तशी होते. वृंद चालवताना समोरचे गायक आज कसे गातात त्यावर संचालकाची पुढची हालचाल ठरते. त्यांना ऐकावं लागतं, पुढचं जोखावं लागतं. ज्याच्याकडे तीस सेकंदांपलीकडचं काही नाही, तो पुढचं जोखतो कशाच्या बळावर?

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीन या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाने काळ म्हणजे काय हे समजावताना नेमका हाच दाखला घेतला होता. पाठ असलेलं स्तोत्र म्हणायला सुरुवात करण्याआधी ते सबंध माझ्या अपेक्षेत असतं. म्हणत जातो तसतसं अपेक्षेतलं थोडं थोडं स्मरणात सरकत जातं. शेवटी अपेक्षा संपते आणि सगळं स्मरणात जमा होतं. ऑगस्टीनच्या दृष्टीने गाणाऱ्याचं मन असं दोन्ही दिशांना ताणलेलं असतं.

क्लाइव्ह यांचं प्रकरण या चित्रात एक दुरुस्ती सुचवतं. गायलेली ओळ त्यांच्या स्मरणात जमा होत नव्हती, तरी ते पुढे जात होते. कारण सुरचनेत मागचं आणि पुढचं चालू क्षणातच विणलेलं असतं. तालाच्या आवर्तनात सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला जाणवतं ते आधीच्या मात्रा मोजून नव्हे; चालू बोलाचा कलच समेकडे असतो. चढत गेलेला सूर उतरणार हे त्याच्या चढण्यातच असतं. चालू स्वराला चिकटून असलेला हा भूतकाळ आणि भविष्यकाळ क्लाइव्ह यांना पुरेसा होता. बोलण्यातही असा आधार असतो, पण फार तोकडा. वाक्य संपलं की पुढचं कुठलंही असू शकतं. लास्यू यांच्या रचनेत पुढचा स्वर कुठलाही असू शकत नाही.

डेबोरा यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात साधारण हेच सांगितलं आहे: रचनेचा वेगच त्यांना एका ओळीतून पुढच्या ओळीत नेई, आणि आपण नेमके कुठे आहोत हे त्या वेळी त्यांना कळत असे. इतकी वर्षं त्यांना जवळून पाहिलेल्या माणसाचं हे निरीक्षण मला कुठल्याही चाचणीइतकंच मोलाचं वाटतं.

नंतरच्या संशोधनातून या प्रकरणाला सोबत मिळाली. २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका व्यावसायिक चेलोवादकाचं प्रकरण प्रसिद्ध झालं. त्याच मेंदूज्वराने त्याचंही स्मरण नेलं होतं, पण संगीताची ओळख कायम होती. इतकंच नाही, आजारानंतर ऐकवलेल्या नव्या सुरावटीही तो पुढे ओळखू शकला. २०१५ मध्ये जुन्या ओळखीच्या गाण्यांशी जोडलेले मेंदूचे भाग शोधण्यात आले आणि ते अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरापर्यंत टिकणाऱ्या भागांशी जुळत असल्याचं दिसलं. क्लाइव्ह अपवाद असतील, पण एकटे नव्हेत.

काय झालं नाही

आता दुसरी बाजू. संगीताने स्मरण परत आलं नाही. गाण्यातली ती सलग जाणीव गाण्याबाहेर पाझरली नाही. सकाळी तासभर वाजवलं म्हणून दुपारी संभाषण लांबलं, असं झालं नाही. संगीताला औषध मानून मात्रा आणि परिणाम असा हिशेब मांडला तर या रुग्णाच्या स्मरणापुरतं उत्तर शून्य येतं.

हे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण अमुक राग तमुक रोगावर अशा याद्या सर्रास फिरतात आणि आजारी माणसाच्या घरचे लोक त्यावर आशा टांगतात. जे खरोखर तपासलं गेलं आहे ते याहून माफक आहे, आणि माफक असूनही मोलाचं आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दस्मृती आणि अवधान अधिक सुधारल्याचं फिनलंडमधल्या २००८च्या अभ्यासात दिसलं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की संगीतोपचाराने नैराश्याची लक्षणं कमी होतात, पण विचारशक्तीवर परिणाम झाला तर तो फारच थोडा. पक्षाघाताच्या ज्या रुग्णांचा मेंदू अजून नवे मार्ग तयार करू शकतो, त्यांना संगीत त्या कामात हातभार लावतं. क्लाइव्ह यांच्याकडे दुरुस्त होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणून संगीताचं दुसरं काम, दुरुस्तीशी संबंध नसलेलं, त्यांच्यात इतकं उघडं दिसतं.

अध्यात्माचा प्रश्न

या शब्दापाशी येताना मी सावध आहे. क्लाइव्ह यांच्या मनात गाताना काय चालत असे हे त्यांनाच नंतर सांगता येत नव्हतं. आपण सांगणं उद्धटपणा होईल. दिसतं तेवढंच धरून चालू.

उपासनेच्या संगीताचा शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो. इटलीतल्या एका अभ्यासात, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, निरोगी माणसांना लॅटिनमधली मारियेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि हृदयाची गती व रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची संवेदनशीलता वाढली. दोन वेगळ्या धर्मपरंपरा, दोन वेगळ्या भाषा, आणि श्वासाची लांबी तीच. शतकानुशतकं म्हटल्या गेलेल्या ओळी माणसाच्या छातीच्या मापाला घासून घासून बेतल्या गेल्या असाव्यात, असं मला हे वाचून वाटलं. क्लाइव्ह यांनी आयुष्यभर गायलेल्या लॅटिन ओळीही याच जातीच्या.

पण श्वास संथ झाला म्हणजे अध्यात्म झालं, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्या बाजूने नाही. मंदावलेला श्वास झोपेतही असतो. क्लाइव्ह यांच्या बाबतीत मला दिसतं ते वेगळं आहे. एरवी ते पूर्णपणे स्वतःत अडकलेले होते. रोजनिशीतली प्रत्येक ओळ ‘मी’पासून सुरू होते: मी जागा झालो, मी पहिल्यांदा पाहतो आहे. दर काही सेकंदांनी स्वतःचं अस्तित्व सिद्ध करत राहण्याची ती केविलवाणी धडपड होती. वृंदासमोर हात उचलले की ही धडपड थांबे. मी जागा आहे का हा प्रश्न त्या वेळी त्यांना पडत नसे. त्यांचं सगळं लक्ष समोरच्या गायकांकडे, पुढच्या प्रवेशाकडे, त्या रचनेच्या मागणीकडे असे. आपण न बनवलेल्या, आपल्याआधी चारशे वर्षं असलेल्या आणि आपल्यानंतरही राहणाऱ्या एका व्यवस्थेत स्वतःला सोपवून देणं, आणि त्यातच स्वतः सापडणं. साऱ्या उपासना ज्याला शरण जाणं म्हणतात त्याच्याशी याचं नातं मला जवळचं वाटतं, मग तो माणूस त्या क्षणी देवाचा विचार करत असो वा नसो.

इथे स्मरण नसणं आड आलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साधनेबद्दल बोलताना आपण संचिताची भाषा वापरतो: इतकी वर्षं केली, इतका जप झाला, इतकं पदरी पडलं. क्लाइव्ह यांच्या पदरी काहीच पडू शकत नव्हतं. गाणं संपलं की शिल्लक शून्य. तरी गाण्यातली ती समग्रता अपुरी नव्हती, ती पुढे आठवावी लागत नव्हती, कुणाला सांगावी लागत नव्हती.

डेबोरा यांचा मार्ग वेगळा होता. वर्षानुवर्षांच्या थकव्यानंतर १९९४ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला आणि त्या काही काळ अमेरिकेत राहिल्या. संबंध तुटला मात्र नाही. त्या परतल्या, ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या, आणि २००२ मध्ये दोघांनी लग्नाची वचनं पुन्हा घेतली. श्रद्धेने त्यांना बळ दिलं असं त्या सांगतात, आणि त्यावर शंका घेण्याचं मला काही कारण दिसत नाही. क्लाइव्ह यांच्यात टिकलेल्या दोन गोष्टींचा उल्लेख त्या एकत्र करतात: संगीत आणि पत्नीवरचं प्रेम. दोन्हींना आठवणींच्या यादीची गरज पडली नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आजारानंतरची पहिली सात वर्षं क्लाइव्ह रुग्णालयातच होते. १९९२ मध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठीच्या एका निवासी केंद्रात त्यांना जागा मिळाली. तिथे वातावरण शांत, माणसं ओळखीची. स्मरण तसंच राहिलं, पण माणूस हळूहळू सैलावला. बोलणं, विनोद, इतरांशी वागणं सुधारलं. यात संगीताचा वाटा किती आणि परिसराचा किती हे वेगळं काढता येत नाही, आणि सगळं श्रेय संगीताला देणं चूक ठरेल.

तरी काही गोष्टी या प्रकरणातून हाताला लागतात. जे परिणामकारक ठरलं ते त्यांचं स्वतःचं संगीत होतं, आयुष्यभर घोटलेलं. मन शांत करणारं म्हणून बाजारात मिळणारं कुठलंही संगीत त्याची जागा घेऊ शकलं नसतं. म्हणून रुग्णाला कुठलं गाणं ऐकवावं हे विचारण्याआधी त्याने आयुष्यात काय गायलं, कशाला ठेका धरला, कुठल्या ओळी त्याच्या तोंडात असत, हे घरच्यांकडून काढून घ्यायला हवं. ते शक्यतो तो धडधाकट असतानाच.

दुसरं, कानात यंत्र घालून ऐकवणं आणि सोबत गाणं यांत फार अंतर आहे. रुग्णालयातल्या त्या पहिल्या गाण्याची सुरुवात डेबोरा यांच्या गळ्यातून झाली होती. क्लाइव्ह यांना जे हवं होतं ते भोवतालच्या आवाजांत आपली जागा मिळणं. ज्याला गाता येत नाही त्याच्यासोबत टाळी धरता येते, गुणगुणता येतं; नर्स किंवा मुलगी बेसूर गायली तरी बिघडत नाही.

आणि ती थरथर. संगीताचा कार्यक्रम आखताना सुरुवात कशी करायची याचा विचार सगळे करतात, शेवटाचा कुणी करत नाही. गाणं संपल्यावर रुग्णाच्या हातातली चौकट एकदम काढून घेतली जाते. म्हणून शेवट उतरत न्यावा, संथ ओळ पुन्हा म्हणावी, आवाज थांबला तरी हात धरून ठेवावा, आणि लगेच टाळ्या वाजवून निघून जाऊ नये. पाहुणे कलाकार येऊन गाऊन गेल्यावर मागे अस्वस्थता उसळते अशी तक्रार असेल, तर दोष गाण्यात नसून गाण्यानंतरच्या रिकामेपणात असण्याची शक्यता मोठी आहे.

राहता राहिली नोंद ठेवण्याची पद्धत. संगीतोपचाराचे बहुतेक अभ्यास आधीचे गुण आणि नंतरचे गुण यांची तुलना करतात. क्लाइव्ह यांचं जे काही होतं ते मधल्या वेळात होतं. गाणं चालू असताना रुग्ण कुणाकडे बघतो, चूक झाली तर ती त्याला कळते का, शेजाऱ्याच्या श्वासासोबत श्वास घेतो का, किती वेळ टिकतो, थांबल्यावर किती मिनिटांनी अस्वस्थ होतो, हे लिहून ठेवायला महागडी यंत्रं लागत नाहीत. शेजारी बसणारं आणि रुग्णाला आधीपासून ओळखणारं एक माणूस लागतं. क्लाइव्ह यांच्या बाबतीत ते काम डेबोरा यांनी केलं, आणि १९९५ मध्येच विल्सन यांच्यासोबत एका शास्त्रीय लेखाच्या सहलेखिका म्हणून त्यांचं नाव छापलं गेलं.